निराधार आश्रमात रुजू होताना

महाड-पोलादपूरकडच्या ज्या मुलामुलींनी नर्सिंग केलंय, बीएसडब्ल्यू किंवा एमएसडब्ल्यू केलंय, किंवा शिक्षण अर्धवट राहिलंय पण स्वयंपाक, ड्रायव्हिंग, शिवणकाम हातात आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. एमआयडीसीतलं कंत्राटी काम आणि मुंबईतली कुणाची तरी खोली, या दोन वाटा आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहेत. तिसरी एक वाट आहे, तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. रस्त्यावर पडलेल्या बेघर, आजारी, भ्रमिष्ट माणसांना सांभाळणाऱ्या आश्रमांना माणसं कायम हवी असतात. यातल्या बऱ्याच संस्था ख्रिस्ती मंडळी चालवतात, आणि घरातून पहिला प्रश्न तिथेच येतो: "तिकडे जाऊन तुला बाटवतील का?" त्या प्रश्नाकडे येऊच. आधी काम काय असतं ते पाहू.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. पनवेल तालुक्यात वांगणी गावी 'सील' नावाचा आश्रम आहे. पास्टर के. एम. फिलिप यांनी १९९९ मध्ये हे काम सुरू केलं. मुंबईच्या फुटपाथवर, स्टेशनांवर मरणपंथाला लागलेली माणसं इथे आणली जातात, त्यांच्यावर उपचार होतात, आणि माणूस बोलता झाला की त्याचं घर शोधायला सुरुवात होते. भेट द्यायला जाणार असाल तर एक लक्षात ठेवा. ही वांगणी नेरे-मालडुंगे रस्त्यावरची आहे, कर्जत लोकलच्या वांगणी स्टेशनवर उतरलात तर भलतीकडेच पोचाल. त्याच फेरीत जमलं तर कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांच्या श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशनचं केंद्रही बघा. ती संस्था ख्रिस्ती नाही, पण काम त्याच जातीचं आहे: रस्त्यावरच्या मनोरुग्णांना बरं करून घरी पोचवणं. याच कामासाठी वाटवानींना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. दोन्हीकडे चार-चार तास काढले की हे आपल्याला झेपेल का, याचा अंदाज येतो. फोनवरची मुलाखत आणि माहितीपत्रक यांवरून तो येत नाही.

आता घरच्यांचा प्रश्न. त्याला मराठी मुलखात जुना इतिहास आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्याच वर्षी ते पुण्याला नेलं. रमाबाई स्वतः ख्रिस्ती झालेल्या होत्या, पण सदनात धर्मशिक्षण दिलं जाणार नाही, असं ठरलेलं होतं. रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसं त्यांच्या सल्लागार मंडळात होती. पुढे मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या, वर्तमानपत्रांतून गदारोळ झाला आणि १८९३ मध्ये या मंडळींनी राजीनामे दिले. नंतरच्या दुष्काळांत रमाबाईंनी शेकडो उपाशी मुलीबायकांना केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आणलं, जगवलं, हाताला काम दिलं. ते मिशन आजही चालू आहे. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि ख्रिस्ती संस्थेत पाऊल टाकणाऱ्याने दोन्ही माहीत करून घ्याव्यात. सेवेमागची श्रद्धा अस्सल असते. आणि आसऱ्याला आलेलं माणूस इतकं हतबल असतं, की त्याचं 'हो' हे खरंच 'हो' आहे का, हा प्रश्नही तितकाच अस्सल असतो.

म्हणून मुलाखतीतच दोन गोष्टी सरळ विचारा. सकाळच्या प्रार्थनेला कर्मचाऱ्यांनी बसलंच पाहिजे का? आणि आश्रमातल्या माणसांनी बसलंच पाहिजे का? पहिल्याचं उत्तर 'बसलात तर बरं' असं आलं तर त्यात बिचकण्यासारखं काही नाही. दहा मिनिटं गप्प बसून गाणी ऐकल्याने कुणाचा धर्म जात नाही, उलट सोबतच्या माणसांना बळ कुठून येतं ते कळतं. दुसऱ्याचं उत्तर मात्र निःसंदिग्ध 'नाही' हवं. जिथे जेवणाचं ताट, औषधाची गोळी किंवा झोपायची जागा प्रार्थनेशी बांधलेली आहे, तिथे काम करू नका, मग पगार कितीही असो. हेच ख्रिस्ती वाचकांनाही सांगायचं आहे. तुमची श्रद्धा तुम्हाला या कामाकडे घेऊन आली असेल तर उत्तमच. पण तापाने बरळणाऱ्या किंवा भास होणाऱ्या माणसाच्या उशाशी बसून त्याला उपदेश करू नका. तो बरा होऊन आपणहून काही विचारील, तेव्हाची गोष्ट वेगळी.

रजेचं आधीच बोलून घ्या. आपल्या कोकणात गणपतीला घरी नाही म्हणजे वर्ष फुकट गेलं. रुजू होतानाच गणपतीची रजा लिहून मागा आणि त्या बदल्यात नाताळ, गुड फ्रायडे, ईस्टरची ड्युटी आपण करू असं सांगा. रविवारी सकाळी ख्रिस्ती सहकारी चर्चला जातात, त्या वेळी वॉर्ड बघायला कुणीतरी लागतंच. ही देवाणघेवाण मोकळेपणाने झाली तर पुढची कुरबूर वाचते.

पगार बेताचा असतो, हे खरं. पण 'सेवा आहे' या शब्दाखाली कागदपत्रं राहून जाऊ देऊ नका. नेमणुकीचं पत्र, कामाचे तास, आठवड्याची सुट्टी, रात्रपाळी किती, राहणं-जेवण पगारात धरलंय की वेगळं, भविष्य निर्वाह निधी कापला जातो का, हे सगळं लेखी हवं. मुलींनी आणखी विचारावं: रात्रपाळीला सोबत कोण असतं, राहायची जागा कुठे आहे, आणि लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती आहे का. दहा किंवा अधिक माणसं कामाला असतील तर २०१३ च्या कायद्याने ती असावीच लागते. संस्था मनोरुग्णांना ठेवून घेत असेल तर मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ खाली तिची नोंदणी असायला हवी. ती आहे का, हे विचारायला लाजू नका. चांगल्या संस्थेला हा प्रश्न आवडतो.

जायच्या आधी हिपॅटायटिस बीची लस सुरू करा. तिचे तीन डोस असतात, दुसरा महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असू द्या. वॉर्डात खोकणाऱ्या प्रत्येक माणसाची क्षयाची तपासणी झाली आहे का, हे पहिल्या दिवसापासून विचारत जा.

पहिल्याच आठवड्यात एखादा नवा माणूस येताना तुम्ही बघाल. तो चालत आलेला नसतो, उचलून आणलेला असतो. केसांची जटा झालेली, अंगावर एकावर एक चार शर्ट, पायाची जखम फडक्याने बांधलेली आणि त्या फडक्यात अळ्या. वास सहन होत नाही. हा वास पहिले काही दिवस जेवतानाही नाकात राहतो, त्यात तुमची काही कमतरता नाही. मास्क आणि हातमोजे घाला, पण चेहरा वाकडा करू नका, कारण तो माणूस तुमच्याकडेच बघत असतो. काहीही करण्याआधी काय करणार आहोत ते सांगा: "काका, पाणी कोमट आहे, आधी पायावर घालतो." त्याला कळलं की नाही, हे आपल्याला ठाऊक नसतं, तरी सांगायचं. शर्ट कापण्याआधी खिसे बघा. चुरगळलेलं तिकीट, पोस्टाची पावती, औषधाची चिठ्ठी, विडीच्या बंडलावरचा छापील कागद, काहीही फेकू नका. पिशवीत घाला, पिशवीवर तारीख लिहा. जखमेतल्या अळ्या टर्पेंटाइनने बाहेर काढतात. ते काम शिकलेल्या माणसाच्या हाताखाली उभं राहून बघा, पहिल्या दिवशी स्वतः करायला जाऊ नका.

केस कापण्याबद्दल एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. अनेक ठिकाणी नव्या माणसाचं सरसकट मुंडण करायची पद्धत होती. २०१७ च्या कायद्याने मनोरुग्णाचं सक्तीचं मुंडण करता येत नाही. त्याला गणवेशाची सक्ती करता येत नाही, आणि साखळीने बांधणं तर कुठल्याही स्वरूपात चालत नाही. उवा आणि जटा यांच्यापायी केस कापणं भागच असेल तर समजावून, विचारून, लागेल तेवढेच कापा. बाईच्या बाबतीत तर दहा वेळा विचार करा. पुढे महिन्याभराने औषध लागू पडतं, ती आरशात बघते, आणि तेव्हा तिला आपले केस आठवतात.

भुकेल्या माणसाला पोटभर वाढावं, ही आपली रीत. इथे ती आवरायची. कित्येक दिवस उपाशी राहिलेला माणूस एकदम भरपेट जेवला तर शरीरातले क्षार बिघडून जिवावर बेतू शकतं. सुरुवात पेजेने करा. थोडी थोडी, दिवसातून अनेकदा, आणि डॉक्टर सांगतील तसं वाढवत न्या. खरूज तर जवळपास ठरलेलीच असते. परमेथ्रिनचं मलम मानेखाली सगळ्या अंगाला रात्रभर लावून ठेवायचं, आठवड्याने पुन्हा लावायचं, कपडे आणि चादरी गरम पाण्यात धुवायच्या, आणि खोलीतल्या सगळ्यांना एकाच वेळी उपचार द्यायचे. एकट्यादुकट्याला मलम लावलं तर ती फिरून येते.

मनाच्या आजारावरच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. या काळात माणूस झोपाळू दिसेल, हात थरथरतील, अंग आखडेल. ते लिहून ठेवा, डॉक्टरांना सांगा. आपल्या मनाने गोळी बंद करू नका आणि वाढवूही नका.

आता या नोकरीतलं सर्वांत मोलाचं काम, जे बाहेरून कारकुनी वाटतं: नोंद. ज्याच्याकडे कागद नाही, फोन नाही, ओळखीचं माणूस नाही, त्याचं सगळं आयुष्य तुम्ही रजिस्टरमध्ये जे लिहाल त्यावर टांगलेलं असतं. तो माणूस झोपेत काय पुटपुटला, कुठल्या भाषेत शिवी दिली, चहा म्हणाला की चाय की टी, भात बघून खुलला की भाकरी, हे सगळं लिहा. आणि जसं ऐकलं तसंच लिहा, आपल्या समजुतीने दुरुस्त करू नका.

असं समजा, की महाडचा एक माणूस भ्रमिष्ट होऊन गाडीत बसला आणि चेन्नईच्या एखाद्या आश्रमात पोचला. तो म्हणतोय "तळं", "छबिना", "गांधारी". समोरच्या मुलीने रजिस्टरमध्ये लिहिलं, 'काहीतरी असंबद्ध बोलतो.' तो माणूस तिथेच मरेल. तिने जर तीन शब्द कानाला ऐकू आले तसे लिहिले आणि कुणा मराठी माणसाला फोनवर वाचून दाखवले, तर चवदार तळं, वीरेश्वराचा छबिना आणि महाडला सावित्रीला मिळणारी गांधारी नदी हे ओळखायला आपल्याकडच्या कुणालाही एक क्षण पुरे. तुमच्या पुढ्यात बसलेला माणूस बिहारचा, आंध्रचा, बंगालचा असेल. त्याचं तळं, त्याची जत्रा, त्याची नदी तुम्हाला ओळखता येणार नाही, पण लिहिता येईल.

'गाव कुठलं?' या प्रश्नाला अनेकांना उत्तर देता येत नाही, किंवा द्यायचं नसतं. त्यापेक्षा विचारा: बाजार कोणत्या वारी भरतो, जत्रा कुठल्या देवाची, शेतात काय पिकतं, गाडी कुठल्या स्टेशनवर पकडायची, शाळेत मास्तर कोण होते, सासर कुठलं. बायकांना माहेर विचारा. पत्ता विसरलेल्या बाईलाही माहेरच्या वाटेवरचं देऊळ आठवत असतं. एका बैठकीत सगळं काढायचा हट्ट नको. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना माणूस जास्त बोलतं. मिळालेली नावं त्या भागातल्या पोलीस ठाण्याला, पोस्टाला, ग्रामपंचायतीला फोन करून पडताळा. आधारचीही मदत होते: नवीन आधार काढायला गेल्यावर, याचा आधार आधीच आहे म्हणून अर्ज नाकारला गेला, तर बोटांच्या ठशांवरून जुनी नोंद सापडू शकते. नागपूरच्या मानकापूर आधार सेवा केंद्रातून अशा रीतीने हरवलेली मुलं घरी गेल्याच्या बातम्या २०२२ मध्ये आल्या होत्या.

कायद्याची चार कलमं मात्र तोंडपाठ हवीत. रस्त्यावर भटकणारा मनोरुग्ण आढळला तर त्याला संरक्षण देणं ही त्या हद्दीतल्या पोलीस ठाण्याच्या प्रमुखाची जबाबदारी आहे. २०१७ च्या कायद्याच्या १०० व्या कलमात ती आहे. त्याला २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी रुग्णालयात तपासणीसाठी न्यावं लागतं, लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, आणि तो बेघर असेल तर हरवलेल्या व्यक्तीची नोंद करून घरच्यांचा शोधही पोलिसांनीच घ्यायचा असतो. म्हणून पोलिसांना न कळवता कुणालाही आश्रमात आणू नका, हेतू कितीही चांगला असला तरी. अठरा वर्षांखालचं मूल सापडलं तर २४ तासांत १०९८ या बालमदत क्रमांकाला, पोलिसांना किंवा बालकल्याण समितीला कळवणं बंधनकारक आहे. आणि फोटो. उपचार घेणाऱ्या मनोरुग्णाचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय प्रसारमाध्यमांत देता येत नाही. 'आधी' आणि 'नंतर' असे जोडफोटो मोबाइलवर फिरवायचा मोह फार होतो, देणगीदारांनाही ते आवडतात. तुम्ही पाठवू नका.

मदत घेणाऱ्याचा मान कसा राखावा, हे आपल्या भागातल्या माणसाला वेगळं शिकवायला नको. २२ जुलै २०२१ ला महाड पाण्याखाली गेलं, त्याच संध्याकाळी तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली, पोलादपूर तालुक्यातही घरं गाडली गेली. रात्रीत बेघर होणं, कागदपत्रांचा चिखल होणं, दुसऱ्याने दिलेले कपडे घालून रांगेत उभं राहणं हे इथल्या असंख्य घरांनी भोगलेलं आहे. सगळ्या धर्मांच्या संस्था तेव्हा धावून आल्या. आणि मदतीचं पाकीट हातात देताना कोण आपल्या डोळ्यांत बघत होतं आणि कोण कॅमेऱ्यात, हेही इथली माणसं विसरलेली नाहीत. आश्रमातल्या नोकरीत पदवीपेक्षा ही जाण जास्त उपयोगी पडते.

घर सापडलं की सगळं गोड होतं, असं समजू नका. कधी भाऊ दार उघडत नाही, कारण जमिनीची वाटणी होऊन गेलेली असते. कधी बायकोने दुसरा संसार मांडलेला असतो. कधी घरच्यांनी वर्षांपूर्वीच त्याचे दिवस घातलेले असतात. भांडू नका, घरच्यांना दोषही देऊ नका. आजाराने त्यांनाही पोळलेलं असतं. गोळ्या किती, कधी, बंद केल्या तर काय होतं, आणि पुढची औषधं जवळच्या सरकारी दवाखान्यात कुठे मिळतील, हे शांतपणे दोनदा सांगा, कागदावर लिहून द्या. नंतर महिन्याला एक फोन करा. तो फोन राहून गेला की गोळ्या थांबतात आणि माणूस पुन्हा रस्त्यावर येतो.

काही माणसं आश्रमातच मरतील. काहींचं नावही तुम्हाला कळलेलं नसेल. पोलिसांची प्रक्रिया पुरी करा, आणि ज्याचा धर्म ठाऊक आहे त्याचे अंत्यसंस्कार त्याच्या धर्माप्रमाणेच व्हावेत, यासाठी आग्रह धरा. त्या रात्री एकटं राहू नका. ख्रिस्ती आश्रमांत अशा वेळी सगळे एकत्र बसतात, प्रार्थना करतात. तुम्ही कुठल्याही धर्माचे असलात तरी त्या खोलीत जाऊन बसा. महिन्यातून एकदा घरी या आणि आलात की वॉर्डाचा फोन दुसऱ्याकडे देऊन या. झोप उडाली, चिडचिड वाढली, एखाद्यावर हात उगारावासा वाटला, तर त्याच दिवशी वरिष्ठांना सांगा आणि पाळी बदलून घ्या. सहा महिन्यांनी जमत नाही असं ठरलं तर नोकरी सोडण्यात काही कमीपणा नाही, फक्त आपल्याकडच्या नोंदी पुऱ्या करून, नव्या माणसाला समजावून मग निघा.

जे नोकरीला जाणार नाहीत त्यांच्यासाठीही थोडं. शहरी बेघरांसाठीच्या सरकारी योजनेत एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा असा निकष होता. महाड नगरपरिषद आणि पोलादपूर नगरपंचायत त्या लोकसंख्येच्या जवळपासही येत नाहीत. तेव्हा महाडच्या एसटी स्टँडवर किंवा पोलादपूरच्या नाक्यावर कुणी भ्रमिष्ट माणूस दिसला, तर त्याला पुढच्या गाडीत बसवून वाटेला लावू नका. ११२ ला फोन करा, जखमी असेल तर १०८ ला. मनाच्या आजाराबद्दल काय करावं हे १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर विचारता येतं. पोलीस येईपर्यंत त्याच्याजवळ थांबा, चहा-बिस्किट द्या, आणि तो जे काही बोलेल ते एका कागदावर लिहून पोलिसांच्या हाती द्या.